देवदूतांच्या हातातली वाद्ये : धन्यवादित फ्रा अँजेलिको



नाताळच्या शुभेच्छापत्रांवर एक चित्र आपण पुष्कळदा पाहिले असेल. सोनेरी पार्श्वभूमीवर एक देवदूत उभा आहे. अंगात पायघोळ झगा, पाठीला पंख आणि हातात एखादे वाद्य. कधी तुतारी, कधी डफ, कधी ढोल. ते चित्र फ्लॉरेन्स शहरातल्या एका जुन्या वेदीचित्राच्या चौकटीवरचे आहे, आणि ते काढणारा चित्रकार डॉमिनिकन संघाचा एक व्रतस्थ होता. त्यांचे नाव फ्रा अँजेलिको. दर वर्षी 18 फेब्रुवारीला ख्रिस्तसभा त्यांचे स्मरण करते. कलावंतांचे आश्रयदाते म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते.

त्यांचे चरित्र आज सांगण्याला आमच्या मनात एक कारण आहे. पवित्र मिस्सामध्ये कोणती वाद्ये वाजवावीत, किती वाजवावीत, ढोलकी चालेल का, गिटार शोभते का, यावर आपल्या धर्मग्रामांमध्ये नेहमीच चर्चा होते. वडीलधाऱ्यांना ऑर्गन हवा असतो, तरुणांना गिटार, आणि काहींना वाटते की वाद्यांवाचूनच प्रार्थना चांगली होते. हा प्रश्न आजचा नाही. सहाशे वर्षांपूर्वी फ्रा अँजेलिकोंपुढेही तो होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर रंगांमध्ये दिले.

त्यांचे मूळ नाव ग्विदो दि पिएत्रो. पिएत्रोचा मुलगा ग्विदो. फ्लॉरेन्सच्या उत्तरेला मुजेल्लो नावाचे खोरे आहे, तिथे सुमारे 1395 साली त्यांचा जन्म झाला असे मानतात. 1417 सालच्या एका नोंदीत ते चित्रकार म्हणून आढळतात, म्हणजे व्रत घेण्यापूर्वीच त्यांच्या हाताला कला होती आणि त्या कलेवर त्यांचे पोट भरत होते. फ्लॉरेन्स त्या काळी व्यापाराचे, सावकारीचे आणि कापडाचे श्रीमंत शहर होते. चांगल्या चित्रकाराला तिथे कामाची ददात नव्हती.

पण ग्विदोंनी वेगळी वाट धरली. शहराबाहेर फिएझोलेच्या टेकडीवर सान दोमेनिको नावाचा डॉमिनिकन मठ होता. त्या काळी डॉमिनिकन संघात शिस्त ढिली झाली होती. ती पुन्हा कडकपणे पाळावी असे म्हणणाऱ्या बंधूंनी 1406 साली हा मठ स्थापन केला होता. गरिबी, मौन, उपवास, अभ्यास आणि रात्री-पहाटेच्या प्रार्थना असा तिथला दिनक्रम. 1423 सालापर्यंत ग्विदो या मठात दाखल झालेले दिसतात आणि त्यांचे नाव फ्रा जोव्हान्नी असे झालेले दिसते. 'फ्रा' म्हणजे बंधू. त्यांचे सख्खे भाऊ बेनेदेत्तो हेही त्याच मठात बंधू झाले. ते सुंदर हस्ताक्षरात प्रार्थनाग्रंथ लिहून काढीत. 'अँजेलिको' म्हणजे देवदूतासारखा. हे नाव मात्र लोकांनी त्यांना मृत्यूनंतर दिले. हयातीत ते स्वतःला त्या नावाने ओळखत नव्हते.

मठात गेल्यावर त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही. प्रवचन करणे हे डॉमिनिकन बंधूंचे काम. फ्रा जोव्हान्नींच्या वरिष्ठांनी ओळखले की या बंधूचे प्रवचन रंगांतून होणार आहे. गायनग्रंथातल्या पानांवर ते चित्रे काढीत. मग त्यांच्याच मठाच्या मुख्य वेदीसाठी त्यांनी मोठे चित्र केले. त्या चित्राच्या तळाशी असलेली लांब पट्टी आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिचा मधला भाग जेमतेम 32 सेंटीमीटर उंचीचा आहे. त्यात पुनरुत्थित प्रभू येशू मध्यभागी उभे आहेत आणि दोन्ही बाजूंना देवदूतांच्या रांगाच रांगा. त्यांतल्या कित्येकांच्या हातात वाद्ये आहेत. शेजारच्या भागांतले संत आणि प्रेषित धरले तर दोनशेहून अधिक चेहरे एवढ्याशा जागेत मावले आहेत आणि एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही.

आता या वाद्यांकडे थोडे लक्ष देऊ. इटलीतल्या त्या काळच्या चित्रांत देवदूतांच्या आणि संगीतकारांच्या हाती फुंकून वाजवायची आणि गजाने वाजवायची वाद्ये असतात. तशीच तारा छेडून वाजवायचीही असतात. छेडून वाजवायच्या वाद्यांपैकी एक म्हणजे साल्टरी. एका चपट्या लाकडी पेटीवर ओळीने ताणलेल्या तारा. आपल्याकडे किशोरीताई आमोणकर गाताना मांडीवर स्वरमंडळ घेत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना साल्टरी वेगळी समजावून सांगायला नको. दुसरे वाद्य म्हणजे ल्यूट. उभ्या कापलेल्या पपईसारखी फुगीर पाठ, आखूड दांडी, आणि खुंट्यांचा भाग मागे काटकोनात वळलेला. तारा आतड्यापासून केलेल्या असत आणि बऱ्याचशा जोडीजोडीने लावलेल्या. पक्ष्याच्या पिसाच्या नखीने ती छेडीत. तिसरे वाद्य हार्प. चौथे गिटर्न, म्हणजे ल्यूटचे लहान भावंड म्हणावे असे वाद्य.

ल्यूट युरोपची नव्हे. अरबांचे 'ऊद' नावाचे वाद्य स्पेन आणि सिसिलीमार्गे युरोपात गेले आणि अरबी 'अल-ऊद' या नावातूनच 'ल्यूट' हे नाव आले. त्या शब्दाचा अर्थ लाकूड. म्हणजे पवित्र मरियेच्या सिंहासनापाशी बसलेला देवदूत ज्या वाद्याच्या तारा छेडतो, ते ख्रिस्ती नसलेल्या लोकांकडून आलेले आहे. चित्रकारांना त्याचे काही वाटले नाही. आणखी एक गोष्ट. त्या काळातली वाद्ये आज जवळजवळ शिल्लक नाहीत. लाकूड किडते, तारा तुटतात. त्यामुळे आज कोणाला ती वाद्ये पुन्हा बनवायची असतील तर तो कारागीर या चित्रांपुढेच उभा राहतो, खुंट्या मोजतो आणि पेटीचा आकार उतरवून घेतो.

ही वाद्ये त्या काळी वाजत कुठे? लग्नात, मेजवानीत, राजवाड्यात, रस्त्यावर. असिसीला संत फ्रान्सिसच्या मंदिरातील खालच्या चर्चमध्ये सिमोने मार्तिनी या चित्रकाराने सुमारे 1320 साली संत मार्टिनच्या जीवनावर भित्तिचित्रे काढली. त्यांत मार्टिनला सरदारकी देण्याचा दरबारी प्रसंग आहे, आणि तिथे एक वादक गिटर्न छेडत उभा आहे. दरबार आहे म्हणून वादक आहे. चर्चमधल्या उपासनेत मात्र बहुधा ऑर्गन सोडला तर वाद्याला जागा नव्हती. बंधू उभे राहून साध्या स्वरात स्तोत्रे गात, तेवढेच.

इथे एक मोठी अडचण येते. डॉमिनिकन संघाचे सर्वांत थोर गुरू म्हणजे तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो ते त्यांचेच बोट धरून. त्यांनी आपल्या महाग्रंथात हा प्रश्न विचारात घेतला आहे आणि वाद्यांची नावे घेऊन लिहिले आहे की हार्प आणि साल्टरी यांसारखी वाद्ये ख्रिस्तसभा देवाच्या स्तुतीसाठी वापरत नाही. त्यांचे एक कारण असे की वाद्य कानाला सुख देते, पण तेवढ्याने मन आतून चांगले घडत नाही. जुन्या करारात वाद्ये होती, कारण तेव्हाचे लोक अधिक कठोर मनाचे होते आणि त्यांना अशा साधनाने जागे करावे लागे.

म्हणजे पाहा. संघाचे गुरू सांगतात की ही वाद्ये उपासनेत नकोत. आणि त्याच संघाचा, त्यातही कडक शिस्तीच्या मठातला एक बंधू थेट स्वर्गात, ख्रिस्ताच्या आणि पवित्र मरियेच्या सान्निध्यात देवदूतांच्या हाती वाद्ये देतो. फ्रा जोव्हान्नींनी गुरूंचा शब्द मोडला का?

आम्हाला तसे वाटत नाही. संत थॉमस यांनीच दुसऱ्या ठिकाणी सौंदर्याची तीन लक्षणे सांगितली आहेत. वस्तू पूर्ण हवी, तिच्या भागांत योग्य प्रमाण किंवा मेळ हवा, आणि तिच्यात तेज हवे. यातला मेळ तारेवर सहज दाखवता येतो. एक ताणलेली तार छेडा, तिला बरोबर मध्यावर दाबून पुन्हा छेडा. तोच स्वर एक सप्तक वर ऐकू येतो. सा आणि वरचा सा. निम्म्या लांबीचा हा हिशेब माणसाने घातलेला नाही. तो निर्मात्याने सृष्टीत ठेवला, माणसाला फक्त सापडला. ग्रीक विद्वानांना तो ठाऊक होता, मध्ययुगातल्या ख्रिस्ती विद्यापीठांत तो शिकवला जाई. म्हणून तंतुवाद्य हातात घेतलेला देवदूत केवळ करमणूक करीत नाही. देवाने सृष्टीत घातलेला मेळ तो देवाला परत अर्पण करतो आहे.

पृथ्वीवर कानाचे सुख आणि मनाचे भले यांची फारकत होऊ शकते. गाणे छान झाले म्हणून आपण खूश होतो आणि प्रार्थना राहून जाते. संत थॉमस यांची सूचना या धोक्याबद्दल आहे. स्वर्गात ही फारकत उरत नाही. तिथे जे सुखद तेच पवित्र. त्यामुळे मठाच्या गायनकक्षात जे वाद्य नको, ते स्वर्गात शोभते. गुरू वाटेबद्दल बोलत होते, शिष्याने मुक्काम रंगवला.

1433 साली फ्लॉरेन्सच्या तागाच्या कापडाचे व्यापारी फ्रा जोव्हान्नींकडे आले. त्यांच्या संघाच्या इमारतीसाठी त्यांना पवित्र मरिया आणि बाळ येशूचे भव्य चित्र हवे होते. त्याची संगमरवरी चौकट लोरेन्झो गिबेर्ती या नामांकित शिल्पकाराने आखली. करार झाला. सोने, निळा रंग, रुपेरी रंग सर्व उत्तम प्रतीचे हवे. मोबदला 190 सोन्याचे फ्लोरिन, किंवा चित्रकाराच्या सदसद्विवेकबुद्धीला योग्य वाटेल तेवढा कमी. व्यापारी माणसे पैशाच्या बाबतीत किती काटेकोर असतात हे आपण पनवेलच्या बाजारपेठेत राहणारे लोक जाणतोच. त्या व्यापाऱ्यांनी किंमत ठरवण्याचे काम समोरच्याच्या विवेकावर सोपवले आणि तसे कागदावर लिहिले. बंधूंच्या शब्दाला काय वजन होते ते यावरून कळते. शुभेच्छापत्रांवरचे वादक देवदूत याच चित्राच्या चौकटीवरचे. ते एकूण बारा आहेत.

1436 साली पोप युजीन चौथे यांनी फ्लॉरेन्स शहरातला सान मार्को मठ फिएझोलेच्या बंधूंना दिला. इमारत मोडकळीस आली होती. कोझिमो दे मेदिची या सावकाराने पैसा दिला, मिकेलोझ्झो या वास्तुकाराने मठ नव्याने उभा केला, आणि 1443 साली प्रकटीकरणाच्या सणाला पोप महोदयांच्या उपस्थितीत चर्चचे पवित्रीकरण झाले. आतल्या भिंती फ्रा जोव्हान्नी आणि त्यांच्या मदतनिसांनी रंगवल्या. बंधूंच्या चाळीसहून अधिक खोल्यांत, प्रत्येक खोलीत एक चित्र. लहान खोली, एक लहान खिडकी आणि भिंतीवर प्रभूच्या जीवनातला एक प्रसंग. जिन्याच्या वर पोहोचताच समोर देवदूत गाब्रिएल पवित्र मरियेला निरोप देतो आहे, आणि खाली एक ओळ लिहिली आहे. तिचा आशय असा की इथून जाताना मरियेला वंदन करायला विसरू नकोस.

या खोल्यांतल्या चित्रांमध्ये वाद्ये दिसत नाहीत. एका खोलीत पवित्र मरियेचा स्वर्गातला राज्याभिषेक आहे. याच विषयावर त्यांनी चर्चच्या वेदींसाठी मोठी चित्रे काढली होती, त्यांत सोने आहे, वादक देवदूत आहेत, गर्दी आहे. खोलीतल्या चित्रात यांतले काही नाही. प्रभू आणि मरिया शुभ्र वस्त्रांत बसले आहेत, खाली सहा संत हात उचलून गुडघ्यांवर आहेत. बस्स. चित्रकार तोच, विषय तोच. फरक पाहणाऱ्यात आहे. चर्चमध्ये सारा लोकसमुदाय येतो, त्याच्यासाठी स्वर्गाचा उत्सव. खोलीत एकटा बंधू रात्री प्रार्थनेला बसतो, त्याच्यासाठी मौन. फ्रा जोव्हान्नींना दोन्ही ठाऊक होते, आणि कोणत्या ठिकाणी काय हवे हेही ठाऊक होते.

1445 च्या सुमारास पोप महोदयांनी त्यांना रोमला बोलावले. पोप निकोलस पाचवे यांच्या खासगी प्रार्थनालयात त्यांनी आपले शिष्य बेनोझ्झो गोझ्झोली यांच्यासह संत स्तेफन आणि संत लॉरेन्स यांची जीवनचित्रे रंगवली. असे सांगतात की फ्लॉरेन्सचे महागुरुपद रिकामे झाले तेव्हा ते त्यांना देऊ केले गेले. त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि आपल्याच संघातल्या अँतोनिनो यांचे नाव सुचवले. अँतोनिनो 1446 साली महागुरू झाले आणि पुढे संत म्हणून घोषित झाले. असेही सांगतात की प्रार्थना केल्याशिवाय फ्रा जोव्हान्नी कुंचला उचलत नसत आणि क्रूसावरचा प्रभू रंगवताना त्यांचे डोळे पाणावत. 1450 साली ते आपल्या फिएझोलेच्या मठाचे प्रमुख झाले. म्हणजे चित्रे काढून झाल्यावर मठाचे धान्य, छप्पर आणि आजारी बंधू हेही त्यांनी पाहिले. 18 फेब्रुवारी 1455 रोजी रोममध्ये ते प्रभूच्या घरी गेले. सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा या चर्चमध्ये त्यांची समाधी आहे. समाधीवरचा लेख असे सांगतो की त्यांची स्तुती चित्रांसाठी करू नये, तर त्यांनी आपली मिळकत ख्रिस्ताच्या गरिबांना दिली यासाठी करावी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1982 साली त्यांना धन्यवादित घोषित केले आणि 1984 साली कलावंतांचे आश्रयदाते म्हणून नेमले.

या कथेला एक दुःखद शेपूट आहे. त्यांच्या मृत्यूनंतर 42 वर्षांनी त्याच सान मार्को मठाचे प्रमुख फ्रा जिरोलामो साव्होनारोला होते. तेही तळमळीचे बंधू. शहरातला भपका आणि अनीती पाहून त्यांचा जीव जळत असे. 7 फेब्रुवारी 1497 रोजी, उपवासकाळाच्या तोंडावर, त्यांच्या प्रेरणेने शहराच्या मुख्य चौकात एक मोठी होळी पेटवली गेली. आरसे, पत्ते, मुखवटे, शृंगाराचे सामान आणि त्यांबरोबर वाद्येही, ल्यूटसुद्धा, तिच्यात टाकली गेली. पुढच्याच वर्षी, 23 मे 1498 रोजी, त्याच चौकात साव्होनारोलांना मृत्युदंड झाला. एकाच मठाच्या एका बंधूने देवदूतांच्या हाती वाद्ये दिली, दुसऱ्याच्या काळात ती आगीत गेली. वाद्याचा गैरवापर होतो हे साव्होनारोलांचे निरीक्षण खोटे नव्हते. पण मेजवानीत बिघडलेली वस्तू जाळावी की सुधारून देवाला अर्पण करावी, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांच्याच मठाच्या चित्रांत होते.

ख्रिस्तसभेने पुढे फ्रा अँजेलिकोंची वाट धरली असे आम्हाला वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात ऑर्गनचा मान राखला आणि इतर वाद्यांनाही दार उघडले. अट एवढीच की ते वाद्य पवित्र वापराला योग्य असावे, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावे आणि भाविकांच्या श्रद्धेची वाढ करावी. आपल्या भूमीत याची सुरुवात त्याआधीच झाली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले क्रिस्तपुराण 1616 साली रायतूर येथे छापले गेले आणि भाविकांनी ते गाइले. गोव्यातल्या सांत इस्तेव्हला 1902 साली जन्मलेले अँजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली. गोव्यात अनेकांना ते रुचले नाही. ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले आणि 1967 साली वारले. अरबांचा ऊद देवदूताच्या हाती शोभतो, तर मग आपली साडी मरियेला का शोभू नये, आणि आपला तबला, पेटी, स्वरमंडळ वेदीजवळ का नसावे?

म्हणून आपल्या गायकवृंदाला आमचे सांगणे आहे. कोणते वाद्य, यावर भांडत बसू नये. दार उघडे आहे. पण संत थॉमस यांचा प्रश्न प्रत्येक रविवारी स्वतःला विचारावा: आपल्या वाजवण्याने लोकांचे मन प्रार्थनेकडे वळते, की फक्त कान सुखावतो? मिस्सा सुरू होण्यापूर्वी वाद्ये नीट लावून घ्यावीत. ध्वनिक्षेपकाचा आवाज लोकांच्या गाण्यावर चढू देऊ नये. पवित्र कम्युनियननंतर थोडा वेळ एकही तार वाजू नये, त्या वेळी प्रत्येकाला आपापली सान मार्कोची खोली मिळावी. आणि ज्यांना वाद्ये मुळीच नकोत अशा वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की तरुणांच्या हातातली गिटार पाहून तोंड फिरवू नये. ती ल्यूटच्याच नात्यातली आहे, आणि ल्यूटला स्वर्गाच्या चित्रांत केव्हाच जागा मिळाली आहे.

धन्यवादित फ्रा अँजेलिको आपल्या गायकांसाठी, वादकांसाठी आणि शांत बसून प्रार्थना करणाऱ्या सर्वांसाठी प्रभूकडे विनंती करोत. आमेन.

आपले धर्मगुरू